हट्टाला औषध: घरातली एकी

मैत्रिणींनो, दिघोरी असो की मुंबई, दुकानासमोर पोर लोळण घेतं आणि लोकलाजेस्तव आपण खाऊ देऊन मोकळ्या होतो. पोराला कळतं, रडलं की मिळतं! ज्या वागण्याने पदरात पडतं, ते मूल पुन्हा करतं. वर्तनोपचाराचं मूळ हेच.

रडताना देऊ नका, मारूही नका. शांत होताच जवळ घ्या, कौतुक करा. सुरुवातीला रडणं वाढेल. तेव्हाच आजीने हळूच खाऊ दिला, तर हट्ट पक्का! आधी घरात एकमत करा.

मूल स्वतःला इजा करत असेल, बोलायला मागे असेल, तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांना जरूर सांगा. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली ही तपासणी मोफत असते.