बी.ए. सायकॉलॉजी, कर्ज बारा लाख

गेल्या शनिवारी सकाळी सकाळी नाशिकहून मामांचा फोन. आमच्या मामेबहिणीला बी.ए. सायकॉलॉजी करायचंय, एका खासगी विद्यापीठात. तीन वर्षांची फी बारा लाख, हॉस्टेल वेगळं. मामा दोन वर्षांत रिटायर होणार, म्हणून बँकेला कर्जासाठी अजून एक पगारदार माणूस हवाय. तो माणूस म्हणजे अस्मादिक. "तुझी फक्त एक सही लागेल रे!"

मी नाही म्हणालो. तेव्हापासून समस्त नातेवाईकांत मी व्हिलन. मामींचं म्हणणं, "इंजिनिअर लोकांना कॉम्प्युटर सोडून सगळं फालतूच वाटतं." म्हणून हा वीकान्त या विषयाला.

आधी एक क्लिअर करतो. 'सायकॉलॉजी म्हणजे टाइमपास' म्हणणाऱ्या पब्लिकशी माझं अजिबात जमत नाही. निम्हान्सने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. शंभर प्रौढांमागे दहाहून जास्त जणांना त्या वेळी काही ना काही मानसिक विकार होता, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. (आमच्या हापिसात रिलीजच्या आठवड्यात मोजलं असतं तर आकडा वेगळाच आला असता, असो.) थोडक्यात, ही माणसं आपल्याला हवी आहेत. भरपूर हवी आहेत.

पण मंडळी, समाजाला गरज असणं आणि बी.ए. झाल्या झाल्या पगार मिळणं, या दोन संपूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत!

मामांनी पाठवलेल्या ब्रोशरमध्ये सोफ्यावर बसलेली एक हसरी मॅडम आहे. हातात पॅड, खाली लिहिलंय 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट'. अहो, ती मॅडम नुसती बी.ए. नाही! त्या कामासाठी रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते. कित्येक वर्षं रुळलेली वाट होती ती अशी: तीन वर्षं बी.ए., दोन वर्षं एम.ए., त्यावर दोन वर्षं एम.फिल. आता एम.फिल. जाऊन दुसरे अभ्यासक्रम येताहेत, पण साध्या बी.ए.वर ही नोंदणी तेव्हाही नव्हती आणि आताही नाही. म्हणजे फोटो सातव्या वर्षाचा आणि बिल पहिल्या तीन वर्षांचं. माझी तिडीक आहे ती इथे.

आता हिशोब. दरवर्षी चार लाख कर्ज, व्याज १० टक्के धरू. बँकांच्या नेहमीच्या योजनेत कोर्स संपल्यावर एक वर्षाने हप्ते सुरू होतात. तोवर पहिल्या चार लाखांवर चार वर्षांचं, दुसऱ्या चारवर तीन, तिसऱ्यावर दोन वर्षांचं सरळव्याज. झाले ३ लाख ६० हजार. हप्ता सुरू होतो तेव्हा डोक्यावर १५ लाख ६० हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिना साधारण २०,६००. पंधरा वर्षांत फेडायचे तर १६,८००, आणि एकूण भरायचे तीस लाखांच्या वर.

समजा बी.ए.नंतर कुठेतरी एचआरमध्ये किंवा एखाद्या संस्थेत हातात २५ हजार मिळाले. पंधरा वर्षांचा हप्ता गेल्यावर उरतात ८,२००. त्यात पुण्यात राहा, खा, आणि लोकांना स्ट्रेस मॅनेजमेंट शिकवा! एम.ए.ला गेली तर व्याजाचं मीटर चालूच, वर नवीन फी. शिवाय साडेसात लाखांच्या पुढे बँका सहसा तारण मागतात. म्हणजे मामांचा फ्लॅट. विद्यापीठाला पैसे रोख मिळाले, बँक तारण घेऊन सेफ. रिस्क कुणाची? बारावी झालेल्या एका मुलीची आणि रिटायर होणाऱ्या तिच्या बापाची.

"मग तू इंजिनिअरिंगला कर्ज काढलंस ते?" मामींचा यॉर्कर. खरं आहे, काढलं होतं, चार लाख. मला कॅम्पसमध्ये नोकरी लागली म्हणून आज मी शहाणा. माझ्याच बॅचच्या दोघांना दीड वर्ष नोकरी नव्हती, हप्ते मात्र वेळेवर येत होते. तेव्हा प्रश्न सायकॉलॉजीचा नाहीच. कुठल्या डिग्रीवर कमाई सुरू होते आणि कुठल्या डिग्रीवर कर्ज काढतोय, हे जुळतं का, एवढाच प्रश्न आहे.

फर्ग्युसन, रुईयासारख्या अनुदानित कॉलेजांत हाच विषय वर्षाला काही हजारांत शिकवतात. स्विमिंग पूल नसेल. पण फ्रॉइड तोच, स्टॅटिस्टिक्सही तेच. कर्ज काढायचंच तर शेवटच्या डिग्रीसाठी काढा, पहिल्या नाही.

रात्री बहिणीचा फोन आला. "दादा, सगळ्यांना एक्सेल दाखवलंस. मला काय करायचंय ते एकदा तरी विचारलंस?"

नव्हतं विचारलं. चूक माझी. तिला ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर काम करायचंय, दोन वर्षांपासून डोक्यात आहे तिच्या. तासभर बोललो. शेवटी मी म्हणालो, तुझ्या एम.ए.च्या कर्जाला जामीन राहीन, हवं तर लिहून देतो. ती दोन मिनिटं गप्प.

मग म्हणाली, "ते एक्सेल मला पाठव. आकडे मी स्वतः तपासणार."

पाठवलंय.