वॉकी-टॉकी हातात आहे, पण पलीकडे ऐकतंय कोण?

मंडळी, पाऊस सुरू झाला की आपल्या नवघर-भाईंदरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ट्रेकच्या जाहिराती पडायला लागतात. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, माहुली. शनिवारी रात्री निघायचं, रविवारी रात्री घरी. अलीकडे या जाहिरातींत एक ओळ दिसायला लागलीय: "लीडरकडे वॉकी-टॉकी असेल." वाचून बरं वाटतं. आई-वडील पोरांना पाठवायला तयार होतात.

ही पोस्ट त्या एका ओळीबद्दल आहे. पुढच्या वेळी लीडरला तीन प्रश्न विचारा. सेट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो? तो वापरायचा परवाना कोणाच्या नावावर आहे? आणि वरून हाक मारलीत तर पलीकडे ऐकणारा कोण आहे?

पहिल्या दोन प्रश्नांना काहीतरी थातूरमातूर उत्तर मिळेल. तिसऱ्याला बहुतेक वेळा शांतता. कारण दोन सेट असतात, एक पुढच्या लीडरकडे, एक मागच्याकडे. दोघंही त्याच डोंगरावर, त्याच धुक्यात. रांग एकत्र ठेवायला ते उपयोगी आहेत, नाही म्हणत नाही. पण कोणाचा पाय मोडला तर त्या सेटवरची हाक खाली कोणीच ऐकत नाही. रेडिओ स्वतः कोणाला वाचवत नाही. ऐकणारा माणूस वाचवतो.

आता कायद्याचं बघू. १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून आपल्याकडे विनापरवाना रेडिओ संच नुसता बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे. वापरणं ही पुढची गोष्ट. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला तरी मूळ तत्त्व तेच: सूट नसेल तर परवानगी हवी. सूट कशाला आहे? ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या छोट्याशा पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या वॉकी-टॉकींना, आणि २७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या सिटिझन बँडला. बाजारात मिळणारे स्वस्त सेट मात्र याच्या कितीतरी बाहेर जातात. बटण दाबलं की पोलिसांच्या, अग्निशमन दलाच्या नाहीतर आणखी कोणाच्या चॅनेलवर तुम्ही पोचू शकता. म्हणूनच २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना नोटिसा पाठवल्या आणि अशा सेटच्या विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. "ऑनलाइन मिळतंय म्हणजे कायदेशीर असणारच" हा समज आता तरी सोडायला हवा.

मग डोंगरावरून रेडिओवर बोलायचंच नाही का? उलट. माझं म्हणणं आहे की जास्त लोकांनी बोलायला हवं, पण रीतसर.

त्याचा रस्ता म्हणजे हॅम रेडिओ, आपल्या भाषेत हौशी रेडिओ. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागात डब्ल्यूपीसी नावाचा कक्ष आहे, तो परीक्षा घेतो. वयाची अट १२ वर्षं पूर्ण. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन दर्जे. रिस्ट्रिक्टेडला मोर्स कोड यावा लागत नाही, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम आले की झालं. पास झालात आणि परवाना आला की तुम्हाला स्वतःचं कॉलसाईन मिळतं, व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीने सुरू होणारं. जगभरात ते तुमचं एकट्याचं नाव.

या हौसेतच डोंगरवाल्यांसाठी एक खास खेळ आहे: "समिट्स ऑन द एअर", थोडक्यात सोटा. मार्च २००२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला आणि आता अनेक देशांत खेळला जातो. शिखरावर जायचं, सगळं सामान स्वतःच्या पाठीवर न्यायचं, शिखराच्या माथ्यापासून उभ्या अंतरात २५ मीटरच्या आत बसायचं आणि रेडिओवर संपर्क करायचे. चार वेगवेगळ्या स्टेशनांशी संपर्क झाले तर शिखराचे गुण मिळतात. गाडीतून बोललेलं चालत नाही, पेट्रोल-डिझेलचा जनरेटर चालत नाही. आणि त्या जागी जायची परवानगी तुमच्याकडे असलीच पाहिजे, हा खेळाचाच नियम आहे.

यातली खरी गंमत वेगळीच आहे. वर गेलेल्याइतकेच गुण कमवायची संधी खाली घरी बसलेल्याला असते. त्याला "चेसर" म्हणतात. तो वाट बघत, कान लावून बसलेला असतो. म्हणजे मघाचा तिसरा प्रश्न, "ऐकतंय कोण?", या खेळाने आपोआप सोडवलाय. कोण कुठल्या शिखरावर, किती वाजता, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर येणार हे आधीच जाहीर असतं. तो ठरल्या वेळी आला नाही तर कोणाच्या तरी लक्षात येतं. दर रविवारी खेळ म्हणून केलेली ही संकटकाळाची तालीमच आहे.

उंचीचा फायदाही समजून घ्या. व्हीएचएफच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. उंची मीटरमध्ये घेऊन तिचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१ ने गुणा, तेवढे किलोमीटर रेडिओचं क्षितिज. ६०० मीटरच्या डोंगरावरून सुमारे १०० किलोमीटर. कळसूबाईच्या १६४६ मीटरवरून, मध्ये डोंगर आडवा आला नाही तर, १६५ च्या आसपास. भाईंदर तिथून सरळ रेषेत १०० किलोमीटरच्या आतच आहे. म्हणजे पाच वॅटच्या हातातल्या सेटवरून माथ्यावरची हाक नवघरच्या गच्चीवर येण्यासारखी असते. खाली दरीत मात्र तोच सेट मुका होतो, हेही लक्षात ठेवा. रेडिओ म्हणजे जादू नव्हे.

आता रीतसर म्हणजे काय काय?

पहिलं, परवान्याच्या अटी. परवान्यावर केंद्राचा पत्ता असतो. घराबाहेरून स्टेशन चालवणार असाल तर आपल्या परवान्यातल्या अटी आधी वाचा. शंका असेल तर निघण्याआधी डब्ल्यूपीसीला लेखी विचारा. मूळ परवाना नाही तर निदान त्याची प्रत सोबत ठेवा, लॉगबुक लिहा. धंद्याचे निरोप, गाणी, सांकेतिक भाषा यातलं काही चालत नाही. ट्रेकचे पैसे घेणाऱ्याने हॅम फ्रिक्वेन्सीवर आपला धंदा चालवणं हेही यात आलं.

दुसरं, जागेची परवानगी. आपल्या गच्चीवरून एका बाजूला खाडीपलीकडचे कामणदुर्ग-तुंगारेश्वरचे डोंगर दिसतात, दुसऱ्या बाजूला नॅशनल पार्कचे. तुंगारेश्वर हे अभयारण्य आहे. कळसूबाईचा माथाही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. हॅमचा परवाना तुम्हाला हवेत बोलायचा हक्क देतो, जंगलात शिरायचा नाही. वनखात्याची परवानगी वेगळी. नॅशनल पार्कात ठरलेली वाट सोडून रात्री अँटेना लावायचा विचार असेल तर बिबट्याच्या आधी वनरक्षक भेटावा अशी प्रार्थना करा.

तिसरं, किल्ले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत शिवकालाशी जोडलेले बारा किल्ले गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. साल्हेर, राजगड, लोहगड त्यात आहेत. तटबंदीत खिळा ठोकायचा नाही, बुरुजाला दोरी आवळायची नाही, देवळाच्या कळसाला वायर बांधायची नाही. मासेमारीच्या घडीच्या काठीवर हलकी वायर उभी राहते, तेवढं पुरे.

चौथं, जीव. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात वीज पडते. उघड्या माथ्यावर उभी केलेली अँटेना म्हणजे विजेला आमंत्रण. गडगडाट ऐकू आला की संपर्क अर्धा राहिला तरी काठी खाली घ्यायची आणि उतरायला लागायचं. गुण पुढच्या आठवड्यात मिळतील. कड्यावर आग्या मोहोळ आहे का बघा, तिथे धूर आणि गोंगाट नको. आणि एकट्याने जाऊ नका.

काही जण विचारतील, आता सगळीकडे मोबाईलची रेंज आहे, हे कशाला? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईतच फोन लागत नव्हते. २२ जुलै २०२१ ला महाडजवळच्या तळियेवर दरड कोसळली, पुराने रस्ते बंद, एनडीआरएफ पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीला बचाव पथकं भर पावसात पायी डोंगर चढली. आणि २००४ ची त्सुनामी आली तेव्हा अंदमानात हॅम मोहिमेवर गेलेल्या भारती प्रसाद यांनी पोर्ट ब्लेअरहून रेडिओवर बाहेरच्या जगाशी संपर्क ठेवला. मोहीम हौसेची होती, म्हणून यंत्र आणि माणूस दोन्ही तिथे तयार होते.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. तो मला खोटा वाटत नाही. २००८ मध्ये हल्लेखोर समुद्रातून आले, सॅटेलाइट फोन घेऊन आले. उत्तनचा किनारा आणि वसईची खाडी आपल्या दाराशी आहे. रात्री डोंगरावर वायर लावून कोणी बोलताना दिसलं तर गावकऱ्याने हटकणं, पोलिसाने चौकशी करणं बरोबरच आहे. म्हणून तर कॉलसाईन, परवाना, लॉग. परवानाधारक माणूस हवेत प्रत्येक वेळी आपली ओळख सांगतो. ज्याला लपायचंय तो असं करत नाही. पायथ्याच्या गावात आधी सांगून वर जाणं एवढी रीत पाळली तर निम्मे गैरसमज होणारच नाहीत. पण विनापरवाना सेटवाल्यांमुळे एक दिवस सगळ्यांनाच संशयाने बघतील, आणि सरसकट बंदी येईल. तेव्हा नुकसान कोणाचं होईल? नियम पाळणाऱ्याचं.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत. डब्ल्यूपीसीने मुंबईतल्या परीक्षांच्या तारखा वर्षभर आधी जाहीर कराव्यात आणि डोंगरावरून स्टेशन चालवण्याचे नियम एका पानात, मराठीत द्यावेत. वनखात्याने अभयारण्यातल्या शिखरांसाठी एकच साधा अर्ज ठेवावा. मीरा-भाईंदर महापालिकेने आपत्ती कक्षात पावसाळ्यापुरता तरी परवानाधारक हॅम आणि एक अँटेना बसवावी, आणि एका शाळेत क्लब सुरू करून द्यावा. बारा वर्षांची मुलं परीक्षा देऊ शकतात, आपण फक्त सांगत नाही.

चौथी मागणी आपल्याकडेच. ट्रेक ग्रुपवाल्यांनो, "वॉकी-टॉकी असेल" ही ओळ काढा. त्याऐवजी कॉलसाईन लिहा, वेळ लिहा, आणि खाली कोण ऐकत बसणार आहे त्याचं नाव लिहा. ते लिहिता येत नसेल तर सुरक्षेच्या नावाखाली पैसे घेऊ नका.

ग्रुपमध्ये कोणी परवानाधारक असतील तर कमेंटमध्ये नुसतं "आहे" म्हणा, नंबर टाकू नका. रविवारी सकाळी आळीपाळीने ऐकत बसायला चार जण मिळाले तरी या पावसाळ्यापासून सुरुवात करता येईल.