बीपीच्या आठ दिवसांच्याच कापा

मेडिकलच्या काउंटरवर जरा वेळ उभं राहा. चिठ्ठीवर साखर, रक्तदाब, थायरॉइड आणि गुडघे अशी चार औषधं. बाईच्या मुठीत दोन नोटा. "भाऊ, गुडघ्याच्या पुऱ्या द्या. बीपीच्या आठ दिवसांच्याच कापा." दुकानदार कात्रीने पट्टी कापून देतो. जे दुखतं त्याचं औषध घ्यायचं, जे दुखत नाही ते लांबवायचं. गुडघ्यासाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवू शकतात, मधुमेहाने थकलेल्या मूत्रपिंडावर ताण आणतात, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

एकाच देहात चार आजार असले की त्यांचा खर्च नुसत्या बेरजेने निघत नाही. साखर चढली की ऑपरेशन पुढे जातं, जखम लवकर भरत नाही, दवाखान्यातला मुक्काम लांबतो. पण डॉक्टर तीन, फायली तीन. आपापल्यापुरतं "महिन्याला फार नाही येत" म्हणून प्रत्येकजण मोकळा.

सरकारलाही रुग्ण दिसतो तो खाटेवर आडवा झाल्यावर. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे, पण ते मुख्यतः दाखल झाल्यावरचं. राज्याची योजनाही तशीच, आणि ती महात्मा फुल्यांच्या नावाची. 1888 साली पक्षाघाताने उजवी बाजू गेल्यावर जोतीराव डाव्या हाताने लिहीत राहिले. घरी आलेल्या माणसाचं दुखणं संपलेलं नसतं, हे त्यांच्या नावाची पाटी लावणाऱ्यांना तरी सुचायला हवं होतं.

सरकारला झोडपायला काय लागतं! लग्नातल्या वाढप्यांच्या मजुरीपर्यंतचा हिशेब वहीत मांडणारं आपलं घर आईच्या औषधांचा वर्षाचा आकडा एकदाही मांडत नाही. वडिलांच्या गोळ्या वेळेवर येतात. तिच्या संपल्या की "बघू पुढच्या आठवड्यात". ती बोलत नाही, आणि आपण त्याला सोशिकपणा म्हणून वर कौतुक करतो. मग एक दिवस ती कोसळते. अतिदक्षता विभागाच्या दारात मुलगा गरजतो, "कितीही लागू दे, जमीन विकू!" यात माया किती आणि भावकीपुढची अब्रू किती, ते ज्याचं त्याने तपासावं. तेराव्याच्या जेवणाला तर उसनवारीही चालते.

रुग्णाला दवाखान्यातून घरी सोडताना पुढच्या वर्षभराच्या गोळ्या, तपासण्या, येणंजाणं आणि सोबतच्याचा बुडालेला रोज यांचा अंदाज एका कागदावर लिहून द्यायला डॉक्टरला किती वेळ लागेल? तो कागद मागणारा नातेवाईक मला अजून भेटायचा आहे. बिलात सवलत मागणारे रोज भेटतात.