बंब आधी पोहोचतो... मग पुढे?

अमेरिकेतल्या एखाद्या घरात आजोबांच्या छातीत कळ आली आणि घरच्यांनी ९११ फिरवला, तर पुष्कळदा दारात सगळ्यात आधी काय येऊन उभं राहतं माहीत आहे? अग्निशमन दलाचा बंब! आग नाही, धूर नाही, तरी तीन-चार फायरमन बॅगा उचलून जिना चढतात. एक जण नाडी बघतो, दुसरा ऑक्सिजन लावतो, तिसरा छातीवर इलेक्ट्रोड चिकटवतो. रुग्णवाहिका कधी बरोबर येते, कधी मागून. तिथल्या अग्निशमन दलांना येणाऱ्या कॉल्सपैकी साधारण तीनपैकी दोन वैद्यकीय असतात. प्रत्यक्ष आगीचे कॉल शंभरात जेमतेम चार-पाच.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं. हार्ट अ‍ॅटॅकला बंब? म्हणजे ताप आला म्हणून प्लंबरला बोलावण्यातला प्रकार! पण जसजशी वाचत गेले तसतसं वाटायला लागलं की यात हसण्यासारखं काही नाही, उलट आपण शिकण्यासारखं बरंच आहे. म्हणून हा लेखप्रपंच. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळावर.)

मित्रांनो, ही पद्धत तिथेही काही आकाशातून पडली नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेची अवस्था बिकटच होती. तिथल्या नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसचा १९६६ चा एक अहवाल प्रसिद्ध आहे. अपघाती मृत्यू हा आधुनिक समाजाचा दुर्लक्षित रोग आहे, असं त्यात म्हटलं होतं. देशातली जवळजवळ निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यसंस्काराचा धंदा करणारे लोक चालवत होते! कारण अगदी साधं. माणसाला आडवं झोपवून नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असायची. गाडीत उपचार वगैरे काही नाही. उचला, झोपवा, पळवा, एवढंच.

त्याच वर्षी आयर्लंड बेटावरच्या बेलफास्ट शहरात डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी वेगळाच प्रयोग केला. रुग्णाला हॉस्पिटलमध्ये आणेपर्यंत तो जगत नाही ना, मग हृदयाला शॉक देणारं यंत्रच गाडीत घालून रुग्णाकडे न्यायचं. कल्पना झकास. पण प्रत्येक गाडीत डॉक्टर कुठून आणायचा? सिएटल शहरात डॉ. लिओनार्ड कॉब आणि तिथले फायर चीफ गॉर्डन व्हिकरी यांनी त्यावर उत्तर काढलं : डॉक्टर नाही ना, मग फायरमनला शिकवा. १९७० मध्ये तिथे 'मेडिक वन' सुरू झालं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात रोनाल्ड रेगन गव्हर्नर असताना त्यासाठी खास कायदा झाला, कारण असे उपचार डॉक्टर आणि नर्सशिवाय कुणी करणं तोवर कायद्यात बसतच नव्हतं. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या फायरमन-पॅरामेडिक्सवर 'इमर्जन्सी!' नावाची टीव्ही मालिका आली आणि हे काम घराघरात पोहोचलं.

आता प्रश्न असा की फायरमनच का? पोलीस का नाही, पोस्टमन का नाही?

याचं उत्तर घड्याळात आहे. हृदय बंद पडलं की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला सुरुवात होते. छातीवर दाब दिला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घसरते. म्हणजे दहा मिनिटांनी जगातला सर्वात हुशार कार्डिऑलॉजिस्ट आला तरी त्याला करण्यासारखं फारसं काही उरत नाही. अशा वेळी डिग्री किती मोठी यापेक्षा माणूस किती जवळ आहे हे महत्त्वाचं ठरतं. आणि शहरात ठिकठिकाणी, चोवीस तास, गाडी आणि वायरलेस घेऊन, दणकट शरीराची शिस्तबद्ध माणसं तयार बसलेली असतात अशी जागा कुठली? फायर स्टेशन!

आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर ही स्टँडबाय यंत्रणा आहे. आग रोज लागत नाही (आणि लागूही नये). पण यंत्रणा मात्र कायम तयार ठेवावीच लागते. मग त्याच तयारीतून आणखी जीव वाचत असतील तर? रिलायबिलिटीच्या पेपरला आपण सगळ्यांनी घोकलंय की सिरीजमध्ये एक ब्लॉक गेला की सिस्टिम गेली, पॅरलल जोडणीत एक मार्ग बंद पडला तरी दुसरा चालू राहतो. सिएटलच्या लोकांनी दुसरं काय केलं? रुग्णापर्यंत जाणारा एक पॅरलल मार्ग जोडला.

आणि हे फक्त अमेरिकेचं कौतुक नाही हं. जपानमध्ये आग लागली तरी ११९ आणि माणूस आजारी पडला तरी ११९, कारण रुग्णवाहिका अग्निशमन खात्याच्याच असतात. पॅरिसचं अग्निशमन दल तर १८११ मध्ये नेपोलियनने उभारलेलं, आजही लष्कराचा भाग असलेलं. त्यांचंही बहुतेक काम आता आग विझवण्यापेक्षा जखमी-आजारी माणसांना मदत करण्याचंच असतं.

आता आपल्याकडे वळू. आगीसाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि सगळ्यांसाठी मिळून ११२. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या, त्यातल्या २३३ अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या, आणि गाडीत डॉक्टर. ही मोठीच गोष्ट आहे. १०८ ला नावं ठेवायला मी हा लेख लिहीत नाहीये. माझं म्हणणं एवढंच की तिच्या जोडीला दुसरा मार्ग का नसावा?

हा प्रश्न माझ्या डोक्यात पक्का बसला तो आपल्याच कॉलेजात. दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले, त्यांच्या स्मरणार्थ. तर त्या सप्ताहात वर्कशॉपच्या मागे मॉक ड्रिल झालं होतं. अर्धं पब्लिक सावलीत बसून व्हायवाची तयारी करत होतं, उरलेलं मोबाईलवर फोटो काढत होतं. ड्रिल संपल्यावर आम्ही चार-पाच मुली पाइप गुंडाळणाऱ्या एका जवान काकांशी बोलत उभ्या राहिलो. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल. मी विचारलं, "काका, आगीचे कॉल रोज येतात का हो?"

ते हसले. "आगीचे कुठे रोज येतात, ताई? मांज्यात अडकलेलं कबुतर, विहिरीत पडलेलं जनावर, रस्त्यात पडलेलं झाड, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं... आणि हायवेचे अपघात."

मग अपघाताबद्दल ते जे बोलले ते मी रूमवर आल्यावर वहीत लिहून ठेवलं. "गाडी चेपली की आम्हाला बोलावतात. कटरनं पत्रा कापायचा, माणूस अलगद बाहेर काढायचा, रस्त्याकडेला आडवा करायचा. तिथपर्यंत आमचं काम. पुढं आम्हीही बाकीच्या लोकांसारखेच वाट बघत उभे. रक्त थांबवायला दाबून धरतो, बांधतो, शिकवलंय तेवढं सगळं करतो. पण ताई, माणूस आपल्या हातात असतो आणि हातात सामान नसतं. ती दहा मिनिटं लई मोठी असतात."

लई मोठी दहा मिनिटं! सगळं याच्यात आलं. प्रथमोपचार आपल्या जवानांनाही शिकवतात, काही पालिकांच्या अग्निशमन दलांकडे स्वतःच्या रुग्णवाहिकाही आहेत. पण प्रथमोपचाराचे चार धडे वेगळे, आणि नियमित सराव, परीक्षा, ऑक्सिजन, शॉक देणारं यंत्र, फोनवर डॉक्टरचा सल्ला आणि हे सगळं करायचा अधिकार वेगळा. ज्याच्या हातात माणूस पहिल्यांदा येतो, त्याच्या हातात सामान आणि शिक्षणही असलंच पाहिजे. माझं मत हेच, आणि एवढंच.

यावर हॉस्टेलच्या कट्ट्यावर बरीच वादावादी झाली. विरोधातले मुद्देही प्रामाणिकपणे मांडते.

पहिला मुद्दा : बंब एखाद्याच्या छातीत दुखतंय म्हणून तिकडे गेला आणि इकडे आग लागली तर? रास्त शंका आहे. अमेरिकेतही एवढा अगडबंब ट्रक साध्या चक्कर आलेल्या माणसाकडे कशाला, अशी टीका होतेच. पण त्यासाठी बंबच पाठवायला पाहिजे असं कुठे आहे? दोन माणसं आणि एक मोटारसायकल पुरते. आपल्या गल्ल्यांमधून तर तीच आधी पोहोचेल.

दुसरा मुद्दा : आधीच अग्निशमन दलात माणसं कमी, त्यात हे नवीन लचांड! हा मुद्दा मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. आहेत त्याच माणसांच्या डोक्यावर आणखी एक ड्यूटी टाकायची आणि पगार तोच ठेवायचा, हा शुद्ध अन्याय होईल. न्यूयॉर्कमध्ये १९९६ साली शहराची रुग्णवाहिका सेवा अग्निशमन खात्यात विलीन केली, पण रुग्णवाहिकेवरच्या माणसांचा पगार फायरमनपेक्षा कमीच राहिला आणि त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं झाली. तेव्हा आपण नक्कल करायची असेल तर चुकांसकट नको. आधी जागा भरा, मग प्रशिक्षण द्या, आणि जादा कामाचे जादा पैसे द्या.

तिसरा मुद्दा माझ्या रूममेटने काढला, आणि त्यावर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. ती म्हणाली, "आग विझवून माणूस परत येतो तेव्हा निदान काहीतरी विझवलेलं असतं गं. पण रोज कुणाच्या तरी घरी जायचं, त्यांच्या पोरांसमोर छाती दाबायची आणि माणूस गेला की रिकाम्या हाताने परत यायचं, हे कुणाला झेपेल?" खरं आहे. सगळ्यात चांगल्या हातांनी केलं तरी बंद पडलेली हृदयं बहुतेक वेळा परत सुरू होत नाहीत. मनावर त्याचा परिणाम होतोच, आणि परदेशातली अग्निशमन दलं आता त्यासाठी समुपदेशक ठेवतात. आपल्याकडे मात्र जवान म्हणजे दगड, असंच आपण धरून चाललोय. मे २०१५ मध्ये मुंबईत काळबादेवीच्या आगीत अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले, तेव्हा आपण सगळे हळहळलो. पण जे जिवंत आहेत आणि रोज काहीतरी बघून घरी जातात, त्यांची विचारपूस कोण करतं?

म्हणून या नोकरीकडे 'काही नाही मिळालं तर फायरमन' अशा नजरेने बघणं आता बंद व्हायला हवं. नागपूरच्या नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेजमध्ये फायर इंजिनिअरिंगची चक्क पदवी घेता येते, हे आपल्यापैकी किती जणांना प्रवेशाच्या वेळी कुणी सांगितलं होतं? नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ मध्ये तिथे प्रवेश घेतला तेव्हा त्या कॉलेजच्या इतिहासातल्या पहिल्या मुलगी होत्या. पुढे त्या देशातल्या पहिल्या महिला फायर फायटर म्हणून ओळखल्या गेल्या. त्यामुळे 'हे काम मुलींचं नाही' हा चौथा मुद्दा कुणी काढायच्या आतच निकालात निघतो!

सरकार आणि पालिका हे सगळं कधी करतील ते करोत. तोवर काय? रात्री दोन वाजता सबमिशनसाठी जागताना हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर कुणी कोसळलं, तर पहिला पोहोचणारा माणूस ना फायरमन, ना डॉक्टर. तो शेजारच्या खोलीतला विद्यार्थी असणार, नाहीतर रेक्टर सर, नाहीतर मेसच्या मावशी. माझ्या शाळेत फायर ड्रिल जोरात व्हायचं : रांगेत या, बोलू नका, मैदानावर उभे राहा. पण शेजारची मुलगी खाली पडली तर काय करायचं, ते बारा वर्षांत एकदाही कुणी शिकवलं नाही. खरं तर शिकायला एक दुपार पुरते. हाक मारून, हलवून बघा. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर एकाने ११२ किंवा १०८ ला फोन करायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहाताने जोरात दाबायला सुरुवात करायची. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मदत येईपर्यंत न थांबता. दमलात की दुसऱ्याने हात लावायचा. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, तोंडात पाणी ओतणं यातलं काहीही करायचं नाही.

पोलिसांचं लफडं मागे लागेल, ही भीतीही आता नको. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच तसं संरक्षण आलं.

तेव्हा माझी जिमखाना, एनएसएस आणि प्राचार्य सरांना नम्र विनंती आहे. पुढच्या एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताहात जवान काका येतील, तेव्हा त्यांच्याकडून फक्त सिलिंडर कसं उघडायचं एवढंच बघू नका. बरोबर एक डॉक्टर आणि छाती दाबायचा पुतळा मागवा. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला, वॉचमन काकांना, मेसच्या मावशींना आणि सरांनाही गुडघ्यावर बसून ते करायला लावा. हृदयाला शॉक देणारं एक यंत्र गेटवर ठेवा. फेस्टच्या एका रात्रीच्या डीजेचे पैसे वाचवले तर त्यातली बरीचशी रक्कम उभी राहील! आणि शिकवायला येणाऱ्या त्या जवानांना दोन घटका बसवून चहा पाजा, त्यांचं ऐका.

बघा, पटतंय का. नाही पटलं तर कट्ट्यावर भेटा, वाद घालू. पण आधी छाती कशी दाबायची ते शिकून या!