चोरी की गहाळ?

वर्षातून एकदा तरी पेपरात ती हेडलाइन झळकतेच. ‘गुन्हेगारी वाढली!’ मग ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चहाबरोबर चर्चा. ‘पुणं पूर्वीचं राहिलं नाही यार,’ असं कुणीतरी म्हणतंच. आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं वरकुटे, त्यामुळे पुढचा डायलॉग माझ्यासाठी राखीव. ‘तुमच्याकडे बरंय बाबा, काही टेन्शनच नाही!’

टेन्शन नाही? अहो, विहिरीवरची मोटार रात्रीत गायब होणं म्हणजे काय, ते शेतकऱ्याला विचारा. कधी मोटार, कधी नुसती केबल. तो दोन शिव्या हासडतो आणि नवी केबल आणतो. उसाला पाणी द्यायचं सोडून पोलीस ठाण्यात दिवस कोण घालवणार? तक्रार नाही म्हणून गुन्हा नाही, गुन्हा नाही म्हणून आकडा नाही. कागदावर गाव एकदम शांत!

मंडळी, ग्यानबाची मेख इथेच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग (एनसीआरबी) दरवर्षी जो जाडजूड अहवाल काढतो, तो झालेल्या गुन्ह्यांचा नसतो, नोंदलेल्या गुन्ह्यांचा असतो. त्यातही एका एफआयआरमध्ये चार कलमं असली, तरी मोजलं जातं फक्त सगळ्यात गंभीर कलम.

हद्दीची गंमत तर विचारूच नका. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचं वेगळं आयुक्तालय झालं आणि चाकण, आळंदी ‘पुणे ग्रामीण’मधून तिकडे गेले. २०२१ मध्ये लोणी काळभोर आणि लोणीकंद शहर पोलिसांकडे आले. चोर तेच, रस्ते तेच, रकाना फक्त बदलला. म्हणून वरकुटे ज्या ‘पुणे ग्रामीण’मध्ये येतं, त्याचा २०१७ चा आकडा आजच्या आकड्याशेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही.

आणि २०२० आठवतंय? आपण सगळे घरात, तरी देशातले नोंदलेले गुन्हे २८ टक्क्यांनी वाढले. कारण कलम १८८, म्हणजे सरकारी आदेश मोडणं. २०१९ मध्ये याचे गुन्हे होते २९,४६९ आणि लॉकडाऊनच्या वर्षात झाले ६,१२,१७९! बाकी चोऱ्यामाऱ्या त्या वर्षी कमीच झाल्या होत्या.

आकड्यातली माणसंही नीट बघायला हवीत. अटक झालेला तो आरोपी. गुन्हेगार की नाही, ते कोर्ट ठरवतं. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत शंभरातले जवळपास ७६ जण कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागायचा होता असे. आपण मात्र त्यांना कधीच ‘गुन्हेगार’ म्हणून मोकळे झालेलो असतो.

आता आपल्यावर येऊ. आमच्या टीममधल्या एकीचा मोबाईल बसमध्ये पर्समधून मारला. चौकीत तिला सल्ला मिळाला, ‘मॅडम, गहाळ लिहा, पटकन काम होईल.’ तिला सिम कार्ड हवं होतं, तिने लिहिलं. झालं! चोर सुटला, चोरी सुटली आणि ती बस आकडेवारीत सेफ ठरली. असे हजार जण गहाळ लिहिणार, मग त्या रूटवर साध्या वेशातला पोलीस कोण कशाला नेमेल?

दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली की एफआयआर नोंदवायलाच हवा, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच ललिता कुमारी खटल्यात बजावलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिली, तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते. कुणी टाळाटाळ केलीच, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचं.

तेव्हा पुढच्या वर्षी आकडा वाढला तर लगेच घाबरू नका. कदाचित लोक ठाण्याची पायरी जास्त चढले असतील. आणि तुमचा मोबाईल कुणी मारलाच, तर अर्जावर ‘चोरी’च लिहा. अर्धा दिवस सुट्टी गेली तर गेली, बॉस!