वायरला नावं ठेवू नका!

सुट्टीत घरी गेलं की आपल्यासाठी एक काम हमखास वाट बघत असतं. "तू इंजिनिअर ना, मग जरा वायफाय बघ!" ब्रँच कुठलीही असो, सिव्हिलवाल्याचीसुद्धा यातून सुटका नाही. आता बऱ्याच घरांत दोन-तीन डब्यांचं मेश वायफाय आलंय. हॉलमध्ये नेट पळतं, मागच्या खोलीत रांगतं. मग आपण तोऱ्यात सांगतो, "बाबा, अजून एक डबा घ्या." माझं स्पष्ट मत आहे, की हा सल्ला चुकीचा आहे. डबा नको, आधी वायर टाका!

कारण साधं आहे. हवा सगळ्यांची एकच. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. मेशचा दुसरा डबा मोबाईलशी बोलतो आणि तोच डेटा पहिल्या डब्याकडेही हवेतूनच पाठवतो. दोन्ही कामं एकाच रेडिओवर असली की वेग साधारण निम्मा होतो. तिसरा डबा दुसऱ्यामार्फत जोडला तर आणखी घट. त्यात आपल्याकडे विटांच्या भिंती आणि आरसीसीचा स्लॅब. ५ गिगाहर्ट्‌झची लहर तिथेच दमते. ट्राय-बँड मेशमध्ये या कामाला वेगळा रेडिओ असतो खरा, पण ते महाग, आणि भिंत त्यालाही चुकत नाही.

डब्यांमध्ये कॅट-५ई केबल टाकली की हा भार हवेवरून उतरतो. १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट, तेही जाता-येता एकाच वेळी! टीव्ही, डेस्कटॉप ही एका जागी बसणारी मंडळीही जवळच्या डब्याच्या पोर्टला जोडा. मोबाईलला हवा मोकळी.

मात्र केबल पूर्ण तांब्याची मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, ती नको. डबे केबलने जोडता येतात का, हे आधी मॅन्युअलमध्ये बघा. आणि एका डब्यातून दोन केबली एकाच स्विचमध्ये खुपसून लूप करू नका, अख्खं नेटवर्क बसेल.

"भिंतीवर वायर? कसं दिसेल ते!" असं आई म्हणणारच. कडेकडेने केसिंग-पट्टी मारा, दिसणारही नाही. फक्त विजेच्या वायरींच्या पाईपातून नेऊ नका. आणि सिव्हिलच्या दोस्तांनो, उद्या घरं बांधाल तेव्हा खोलीखोलीत एक रिकामा पाईप सोडा. लोक दुवा देतील.

वायर म्हणजे जुनाट, असं वाटणाऱ्यांसाठी एक गंमत. १९७१ साली हवाई बेटांवर अलोहानेट हे बिनतारी जाळं सुरू झालं. त्यावरून कल्पना घेऊन बॉब मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात इथरनेट मांडलं. म्हणजे आपली ही वायर बिनतारीनंतर आली!

घरात कुणाची ऑनलाईन मुलाखत असते, कुणाची परीक्षा. ती मध्येच तुटली तर नुकसान खरं असतं, आणि डब्याचे पैसेही बाबांच्याच खिशातले असतात. 'नवीन घ्या' हे दुकानदारही सांगतो. आपण चार वर्षं शिकतो ते कुठे काय अडलंय हे शोधायला. तेवढं तरी करूया की राव!