साधे पेट्रोल, उंची पेट्रोल

पेट्रोल पंपावर गाडी उभी राहिली की नोझल हातात घेतलेला कर्मचारी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतो : ‘‘साधं, की पॉवर?’’ पंप ज्या कंपनीचा असेल त्याप्रमाणे दुसरा शब्द बदलतो. कोठे तो ‘स्पीड’ असतो, कोठे ‘एक्सपी’. पहिला शब्द मात्र सर्वत्र ‘साधं’ हाच. प्रश्न ज्या रीतीने घातला जातो तिच्यातच उत्तराची अर्धी तजवीज करून ठेवलेली असते. बँकेचे कर्ज काढून, पाच-सात वर्षांच्या हप्त्यांचे ओझे पत्करून घेतलेली एसयूव्ही, मागच्या आसनावर मुले आणि वडीलधारी माणसे, आणि त्या सर्वांच्या देखत ‘साधं’ असे म्हणावयाचे! अनेकांची जीभ अडखळते. लिटरमागे काही रुपये अधिक जातात, पण गाडीला ‘चांगले’ घातल्याचे समाधान पदरात पडते. या समाधानाला काही आधार आहे काय, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही.

तांदळाची किंवा आंब्याची प्रतवारी असते तशी पेट्रोलची नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. उंची पेट्रोलच्या नावापुढे जो ९५ किंवा १०० असा आकडा झळकतो, तो ऑक्टेन अंक होय. हा अंक पेट्रोलमधील शक्ती मोजीत नाही. त्याची सहनशीलता मोजतो. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि नेमक्या क्षणी स्पार्क प्लगची ठिणगी पडून ते पेटते. दाब आणि उष्णता प्रमाणाबाहेर वाढली तर मिश्रणाचा काही भाग ज्वाला पोचण्यापूर्वीच आपोआप भडकतो आणि धातूवर हातोडी पडावी तसा टकटक आवाज येऊ लागतो. गॅरेजच्या भाषेत यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. ते जोराने आणि दीर्घकाळ चालू राहिले तर इंजिनास इजा होते. आयसो-ऑक्टेन या द्रव्याची नॉकिंग टाळण्याची क्षमता १०० आणि नॉर्मल हेप्टेनची शून्य मानून इतर इंधने या मापपट्टीवर बसविली जातात. ज्या इंजिनात मिश्रण मुळातच फार दाबले जात नाही त्याला हा जादा संयम निरुपयोगी आहे. टर्बोचार्जर असलेल्या किंवा अधिक दाबाच्या इंजिनांना तो उपयोगी पडू शकतो. परंतु अशा इंजिनांतही आता नॉकिंगची चाहूल लागताच ठिणगीची वेळ मागे सरकविणारी यंत्रणा असते. किंचित शक्ती उणावते, इंजिन सुखरूप राहते.

ऑक्टेन वाढला म्हणजे गाडी अधिक धावते, हा समज किती भ्रामक आहे याचे प्रत्यंतर अलीकडे घरबसल्याच आले आहे. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पसरले. इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच अधिक असतो, पण त्याच्या एका लिटरमधील ऊर्जा पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. म्हणजे मिश्रणाने ऑक्टेन वाढला आणि त्याच लिटरातील ऊर्जा घटली. शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवून घेतलेल्या चारचाकी गाड्यांचे मायलेज २० टक्के मिश्रणाने ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच नमूद होता. ही घट फार मोठी असल्याचा आक्षेप पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये अमान्य केला. घट किती, हा वाद चालू राहील. दिशा कोणती, याविषयी वाद नाही.

मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२५ मधील त्याच खुलाशात आणखी एक विधान होते, आणि ग्राहकाच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे. २० टक्के इथेनॉलमुळे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक ९१ वरून ९५ पर्यंत पोचला आहे, असे मंत्रालयाने सांगितले. भारतीय मानकांत भारत स्टेज सहाच्या साध्या पेट्रोलसाठी किमान ९१ आणि प्रीमियमसाठी किमान ९५ अशी विभागणी होती. मंत्रालयाचे म्हणणे खरे मानले, तर ‘९५’ या आकड्यासाठी वेगळे पैसे मोजणाऱ्याला नेमके काय मिळते? हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्याचे उत्तर द्यावे असे कोणास वाटले नाही. उलट इथेनॉलच्या धास्तीने काही लोक उंची पेट्रोलकडे वळले. वास्तविक ‘प्रीमियम’ म्हणजे ‘इथेनॉलविरहित’ नव्हे. ९५ च्या महागड्या पेट्रोलातही इथेनॉल असू शकते.

अमेरिकेत हा प्रश्न जुना आहे आणि त्याचा छडाही तेथे अधिक काटेकोरपणे लावला गेला. (उंची पेट्रोलचा जन्मही तिकडचाच. टेट्राएथिल लेड मिसळले की नॉकिंग थांबते हे १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी शोधून काढले आणि १९२३ मध्ये ‘एथिल’ या सोज्ज्वळ नावाने ते जादा दराने विकले जाऊ लागले. नावात शिशाचा मागमूसही नव्हता. ते विष भारतातील पेट्रोलमधून २००० मध्ये आणि जगातून, शेवटी अल्जीरियातून, २०२१ मध्ये हद्दपार झाले.) अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन या मोटारमालकांच्या संस्थेने २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनविलेल्या गाड्या प्रीमियमवर चालवून पाहिल्या. शक्ती, मायलेज, धूर यांपैकी कशातही दखल घेण्याजोगी सुधारणा आढळली नाही. गाडीला गरज नसताना अमेरिकन माणसे वर्षाकाठी सुमारे २१० कोटी डॉलर्स या पेट्रोलवर उधळतात, असा हिशेबही संस्थेने मांडला. २०१७ मध्ये तिने दुसऱ्या वर्गातील, म्हणजे कारखानदाराने प्रीमियमची सक्ती नव्हे पण शिफारस केलेल्या, गाड्या तपासल्या. त्यांचे मायलेज सरासरी २.७ टक्क्यांनी आणि अश्वशक्ती १.४ टक्क्यांनी वाढली. कॅडिलॅक एस्कलेड या अवजड एसयूव्हीला सात टक्क्यांच्या आसपास लाभ झाला, तर काहींना जवळजवळ शून्य. प्रीमियम मात्र तेथे २० ते २५ टक्के महाग होते.

पुतण्या-भाचे अमेरिकेत असलेल्या घरांतून एक घोटाळा नेहमी होतो, त्याचाही येथे उलगडा करावा. तेथील साध्या पेट्रोलवर ८७ असतो, म्हणून ते आपल्या ९१ पेक्षा हलके असे नव्हे. तेथे ऑक्टेन मोजण्याच्या दोन पद्धतींची सरासरी लिहितात, येथे त्यांपैकी एकीचाच आकडा देतात. तेथील ८७ आणि येथील ९१ स्थूलमानाने एकच.

आता घरचा हिशेब. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारी आणि लिटरला १२ किलोमीटर देणारी एसयूव्ही घेतली, तर तिला १,००० लिटर पेट्रोल लागेल. साध्या पेट्रोलचा दर १०४ रुपये आणि फरक सात रुपयांचा धरला, तर जादा खर्च ७,००० रुपये होतो. गाडीची एक सर्व्हिसिंग त्यात उरकावी. हा खर्च केवळ भरून निघण्यासाठी मायलेज सुमारे पावणेसात टक्क्यांनी वाढावयास हवे, बारावरून १२.८ वर जावयास हवे. अमेरिकेत शिफारस असलेल्या गाड्यांनाही सरासरीने ते साधले नाही. तेव्हा ९१ वर चालावी अशा बेताने बनविलेल्या गाडीत ते साधेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. जादा दरात कराचाही वाटा असतो. २०२१ च्या अर्थसंकल्पात साध्या पेट्रोलवरील मूळ अबकारी शुल्क लिटरमागे १ रुपया ४० पैसे ठेवले गेले आणि नाममुद्रा असलेल्या पेट्रोलवर २ रुपये ६० पैसे. हौसेवर कर अधिक, असे सरकारी तत्त्व असेल तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. पण पंपावर ही वस्तू हौस म्हणून विकली जात नाही, काळजी म्हणून विकली जाते.

उंची पेट्रोलच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडावयास हवा. त्यात इंजिनाचे अंतर्भाग स्वच्छ ठेवणारी रसायने घातलेली असतात, असे कंपन्या सांगतात. स्वच्छतेच्या रसायनांनी फरक पडतो, यात संशय नाही. वरील संस्थेनेच २०१६ मध्ये केलेल्या दुसऱ्या एका तपासणीत हलक्या प्रतीची रसायने असलेल्या पेट्रोलने इंजिनात कितीतरी पट अधिक काजळी साचल्याचे दिसून आले. परंतु ही रसायने आणि ऑक्टेन या दोन भिन्न वस्तू आहेत. अमेरिकेत स्वच्छतेची रसायने साध्या पेट्रोलातही घालणे कायद्याने बंधनकारक आहे. येथे दोन्हींची एकच गाठोडी बांधून ती एका चटकदार नावाने विकली जाते. ज्याला स्वच्छता हवी त्याने ऑक्टेनचेही पैसे का मोजावेत?

या सर्व गोंधळाचे मूळ ग्राहकाच्या अज्ञानात आहे असे म्हणणे सोपे, पण अन्यायाचे आहे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने प्रत्येक पंपावर ऑक्टेन अंक लिहिणे सक्तीचे केले. ठळक काळ्या अक्षरांची ती पिवळी पट्टी तेथे सर्वत्र दिसते. नाव काहीही असो, आकडा समोर असतो. आपल्या पंपांवर नाव पुरुषभर उंचीच्या फलकावर झळकते, पण साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक ठळकपणे लिहिलेला क्वचितच आढळतो. साध्याचा अंक, उंचीचा अंक, दोहोंतील इथेनॉलचे प्रमाण आणि दोहोंच्या दरातील फरक अशा चार ओळी प्रत्येक नोझलवर लावावयास कोणत्याही नव्या संशोधनाची गरज नाही. मंत्रालयाने ९५ चा दावा केलाच आहे. तो पंपावर लिहून दाखवावा.

तोपर्यंत गाडीमालकाला आधार आहे तो गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेचा आणि टाकीच्या झाकणाच्या आतील बाजूस असलेल्या सूचनेचा. किमान ९१ असे तेथे लिहिले असेल, तर पंपावर निःसंकोचपणे ‘साधं’ म्हणावे. किमान ९५ ची अट असेल, जशी ती काही परदेशी बनावटीच्या गाड्यांना असते, तर काटकसर करू नये. आणि सात माणसे व टपावरचे सामान घेऊन भर उन्हाळ्यात आंबोलीचा घाट चढताना इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली, तर एक टाकी ९५ भरून पाहण्यास हरकत नाही. आवाज तरीही राहिला, तर महागडे पेट्रोल पुन्हा पुन्हा भरीत बसण्यापेक्षा गाडी मेकॅनिककडे न्यावी. साचलेली काजळी, चुकीचा स्पार्क प्लग किंवा बिघडलेला सेन्सर यांपैकी एखादे कारण तेथे सापडण्याचा संभव अधिक.